गोळी बंद केली, आजाराचे काय?

"बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो म्हणे त्या गोळ्यांचा." गरोदरपणात घेतल्या जाणाऱ्या नैराश्याच्या गोळ्यांबद्दलचे हे वाक्य मी अलीकडे पुण्यात दोनदा ऐकले. एकदा एका परिसंवादात, व्यासपीठावरून. आणि एकदा कोथरूडमधल्या एका घरी, माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या सासूबाईंकडून. सासूबाईंची काळजी खरी होती, होणाऱ्या नातवंडाची आणि सुनेचीही. त्यांच्याशी वाद घालावा असे मला वाटले नाही; त्यांच्याशेजारी बसून बोलावे असे वाटले. परिसंवादातल्या वक्त्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यांच्यापुढे भरलेले सभागृह होते, श्रोत्यांत निदान दोन स्त्रिया गरोदर दिसत होत्या, आणि कशाची कशाशी तुलना करून हा निष्कर्ष निघाला, हे त्यांनी एका शब्दानेही सांगितले नाही. औषधशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या संध्याकाळी प्रश्न विचारायला वेळ उरला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

या वादाला अलीकडे जोर आला तो अमेरिकेतून. जुलै २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदरपणातील नैराश्यविरोधी औषधांवर तज्ज्ञांची एक चर्चा भरवली. बहुतेक वक्ते औषधांच्या धोक्यांवरच बोलले. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ही चर्चा एकांगी असल्याचा आणि उपचार न मिळालेल्या आजाराचे धोके तीत जवळजवळ आलेच नसल्याचा आक्षेप तत्काळ नोंदवला. दोनच महिन्यांनी, २२ सप्टेंबरला, त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर स्त्रियांना पॅरासिटामॉलसुद्धा टाळायला सांगितले आणि कारण दिले स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे. चर्चेचे तुकडे फोनवर फिरत आपल्यापर्यंत पोचले. आक्षेप तेवढे पोचले नाहीत.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करते. मध्यम किंवा तीव्र नैराश्य असलेल्या आणि औषधाने सावरलेल्या स्त्रीला, केवळ ती गरोदर आहे एवढ्यासाठी, औषध सोडायला लावणे आज हाती असलेल्या पुराव्याला धरून नाही. त्यात तिचे हित नाही आणि तिच्या बाळाचेही नाही. औषधाचे काही परिणाम बाळावर होतात, ते खरे आहेत आणि ते लपवू नयेत. परंतु स्वमग्नता, अतिचंचलता, बुद्धीची वाढ खुंटणे असे जे मोठे आरोप या गोळ्यांवर केले जातात, त्यांतला बहुतांश भार गोळीचा नसून आजाराचा, आनुवंशिकतेचा आणि त्या आजाराभोवतीच्या परिस्थितीचा आहे. आपण तराजूच्या एका पारड्यात गोळी ठेवतो आणि दुसरे पारडे रिकामे आहे असे धरून चालतो. ते रिकामे नाही. त्यात आजार आहे.

विरोधी बाजूत जे सबळ आहे ते मी पूर्ण मान्य करते. एसएसआरआय गटातील नैराश्यविरोधी औषधे, म्हणजे सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, एसिटालोप्राम वगैरे, वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातात. ती ज्या सेरोटोनिनवर काम करतात ते केवळ मनःस्थितीचे रसायन नव्हे. गर्भाच्या मेंदूत पेशींनी कुठे जायचे आणि कुणाशी जोडले जायचे, याच्या संदेशांतही त्याचा वाटा असतो. उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने साधारण माणसाच्या शेवटच्या तिमाहीशी जुळणाऱ्या काळात, फ्लुओक्सेटीन दिले तर ती मोठेपणी अधिक भित्री निघतात, हा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो साधा धुडकावून लावण्यासारखा नाही. फिनलंडमधल्या एका मोठ्या नोंदवहीवरील अभ्यासात, गर्भात असताना एसएसआरआय पोचलेल्या मुलांपैकी ८.२ टक्के मुलांना सुमारे १५ वर्षांच्या आत नैराश्याचे निदान झाले. आईला मानसिक आजार होता पण औषध नव्हते अशा मुलांत हे प्रमाण १.९ टक्के होते. ज्यांना या विषयाची भीती वाटते त्यांनी निदान हा आकडा पुढे करावा. व्यासपीठावरून जे सांगितले गेले त्यापेक्षा तो कितीतरी गंभीर आहे.

आणि गर्भातले दिवस आयुष्यभर पुरतात, हे तर पुण्याला कुणी शिकवायला नको. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयातर्फे १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, तरीही आपल्या लहानखुऱ्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने अधिक होती, आणि पुढच्या मधुमेहाची पाळेमुळे तिथपर्यंत जातात हे जगाने या कामातून ओळखले. आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर मुलाच्या नवव्या वर्षी काही बौद्धिक चाचण्यांत त्याची खूण दिसते, हेही याच मालिकेतून पुढे आले. म्हणून पोटातल्या बाळावर सूक्ष्म गोष्टींचाही परिणाम होतो, असे कुणी म्हणाले तर मी मान डोलावते. पण या अभ्यासाने नेमके काय दाखवले? आईचे शरीर ज्या अवस्थेत आहे, ती अवस्थाच बाळापर्यंत पोचते. मग आईचे जेवण पोचते, तिची कमतरता पोचते, आणि तिची महिनोन्‌महिन्यांची निद्रानाशाची, उपासमारीची, घाबरलेली अवस्था तेवढी वारेशी थांबते, असे कसे म्हणता येईल?

आता आरोपाकडे येऊ. डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतातला एक अभ्यास गाजला: गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत ही औषधे घेतल्यास मुलाला स्वमग्नता असण्याचा धोका ८७ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा आजही फिरतो आहे. त्याच अभ्यासातले दुसरे आकडे मात्र कुणी सांगत नाही. एकूण १,४५,४५६ मुलांपैकी १,०५४ मुलांना स्वमग्नतेचे निदान झाले होते, म्हणजे हजारी ७. आणि त्या काळात औषध पोचलेल्या २,५३२ मुलांपैकी ३१ जणांना, म्हणजे हजारी १२. सगळा धोका औषधानेच आला असे क्षणभर धरले, तरी औषध घेतलेल्या हजार मातांपैकी ९८८ जणींच्या मुलांना हे निदान झालेले नव्हते. ८७ टक्के ऐकल्यावर सभागृहातल्या त्या दोघींना हे चित्र दिसले असेल का?

आणि तो सगळा धोका औषधानेच आला असे धरता येत नाही. जुलैच्या पावसात लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून ज्यांच्या हातात छत्री आहे आणि ज्यांच्या हातात नाही अशांचे जोडे तपासले, तर छत्रीवाल्यांचे जोडे अधिक ओले सापडतील, कारण ज्यांना पावसात चालावे लागणार होते त्यांनीच छत्री घेतली. बाकीचे घरात किंवा दुकानाच्या छपराखाली आहेत. यावरून छत्रीने जोडे भिजतात असे कुणी म्हणत नाही. औषध घेणाऱ्या स्त्रिया आणि न घेणाऱ्या स्त्रिया यांच्यात पहिला फरक औषधाचा नसून आजाराचा असतो, आणि नैराश्याकडे झुकवणारी आनुवंशिक जडणघडण स्वमग्नता व अतिचंचलतेशीही काही अंशी सामाईक आहे. मग गोळीचा परिणाम वेगळा कसा काढायचा? यासाठी संशोधकांनी जी युक्ती वापरली ती कुठल्याही आजीला पटेल: एकाच आईची दोन मुले घ्यायची, एकाच्या वेळी तिने औषध घेतलेले, दुसऱ्याच्या वेळी न घेतलेले. आई तीच, घर बहुतेक तेच. स्वीडनमधील १५ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर २०१७ मध्ये अशी तुलना झाली. परक्या कुटुंबांशी तुलना करताना दिसणारा स्वमग्नतेचा आणि अतिचंचलतेचा धोका सख्ख्या भावंडांच्या तुलनेत उरलाच नाही. डेन्मार्कमधल्या २०१३ च्या अभ्यासातला एक तपशील मला याहून बोलका वाटतो: ज्या स्त्रियांनी गरोदरपणाच्या आधी ही औषधे घेतली होती पण गरोदरपणात घेतली नव्हती, त्यांच्या मुलांमध्येही स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले होते. जी गोळी त्या बाळापर्यंत पोचलीच नाही, तिने ते कसे घडवले? २०२२ मध्ये अमेरिकेत औषध पोचलेल्या १,४५,७०२ गरोदरपणांचा अभ्यास झाला आणि आईच्या आजाराचा व परिस्थितीचा हिशेब धरल्यावर स्वमग्नता, अतिचंचलता, बोलण्यातले आणि शिकण्यातले दोष यांपैकी कशाशीही औषधांचा ठोस संबंध दिसला नाही.

फिनलंडचा आकडा या सगळ्यानेही पुसला जात नाही, हे मी कबूल करते. पण त्यातही आजारी असून औषध न घेणारी आणि आजारी असून गरोदरपणातसुद्धा औषध घ्यावे लागणारी, या दोघींचा आजार सारखाच तीव्र होता असे मानण्याला आधार नाही. गरोदरपणात कुणी हौसेने गोळी घेत नाही. जिला घ्यावी लागते तिचा आजार बहुधा अधिक खोल असतो, आणि आईचा खोल आजार मुलाकडे रक्तातूनही जातो आणि संगतीतूनही.

इथे एक शंका रास्त आहे: असे अभ्यास औषधांना नेहमी निर्दोषच ठरवतात का? नाही, आणि याचा पुरावा मानसोपचाराच्याच कपाटात आहे. व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध द्विध्रुवी (बायपोलर) आजारातही वापरले जाते. ते गरोदरपणात घेतल्यास शंभरातल्या सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळते, एरवी ते प्रमाण शंभरात दोन-तीन असते. शिवाय तीन वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर अपस्मार-औषधांच्या तुलनेत कमी भरतो, आणि मात्रा जितकी जास्त तितकी घट जास्त, हे २००९ मध्ये स्पष्ट दिसले. जिथे खरी इजा आहे तिथे ती अशी ठसठशीत दिसते, वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसते. आणि तरीही अपस्मार असलेल्या गरोदर बाईला कुणी "सगळी औषधे सोड, झटके आले तर सोस" असे सांगत नाही. तिचे औषध शक्यतो गर्भधारणेच्या आधीच बदलतात, मात्रा बेताने ठेवतात, फोलिक अॅसिड देतात. झटका दिसतो म्हणून तो आजार मानला जातो. मनाचा झटका दिसत नाही, एवढाच फरक आहे का?

नैराश्यविरोधी औषधांचे जे परिणाम टिकून राहिले ते असे. शेवटच्या महिन्यांत औषध चालू असेल तर सुमारे तीनातल्या एका बाळाला जन्मानंतर काही दिवस थरथर, चिडचिड, जलद श्वास, दूध ओढण्यात अडचण असा त्रास होतो. तो बहुतेक वेळा काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत, आपोआप निवळतो, पण बाळावर नजर ठेवावी लागते. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता थोडी वाढते. भावंडांच्या तुलनेतही ती वाढ उरली, म्हणून मी तिला औषधाच्या खाती मांडते. बाळाच्या फुप्फुसातील रक्तदाब जन्मानंतर उतरत नाही, असा एक गंभीर विकार आहे. २००६ मध्ये त्याबद्दल मोठा इशारा दिला गेला, आणि २०१५ मध्ये ३७ लाखांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी तपासल्यावर हे प्रमाण औषध न घेतलेल्यांत दहा हजारी सुमारे २१ आणि घेतलेल्यांत सुमारे ३१ निघाले. आजाराचा हिशेब केल्यावर तो फरकही बराच आटला. पॅरॉक्सेटीनबद्दल बाळाच्या हृदयदोषांचा इशारा २००५ पासून आहे, म्हणून नव्याने औषध सुरू करताना सहसा दुसरे निवडतात. हे सगळे त्या स्त्रीला माहीत असलेच पाहिजे. यातले काहीही "मेंदूवर परिणाम होतो म्हणे" या वाक्यात बसत नाही.

थॅलिडोमाइडचे नाव या वादात हमखास निघते, आणि निघावे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत निर्धोक झोपेची गोळी म्हणून ते बाजारात आले, गरोदरपणातल्या मळमळीवर दिले गेले, आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतले जाईपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुले हात-पाय अपुरे घेऊन जन्मली. अमेरिकेत ते विक्रीला येऊ न देणाऱ्या फ्रान्सिस केल्सी यांची मी माझ्या वर्गात दरवर्षी आठवण काढत असे. पण त्यांनी काय केले होते? त्यांनी कंपनीकडे पुरावा मागितला आणि तो अपुरा आहे म्हणून परवानगी रोखून धरली. जिथे थॅलिडोमाइड विकले गेले तिथे असा पुरावा मागितलाच गेला नव्हता. एसएसआरआयच्या बाबतीत लाखो मुलांच्या नोंदी समोर आहेत. या दोहोंना एकाच पंक्तीला बसवणे केल्सींच्या चिकाटीचाही अवमान आहे.

दुसरी एक कहाणी मात्र कुणी सांगत नाही. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एक गोळी गरोदरपणातल्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९५० च्या दशकापासून वापरात होती. तिने व्यंग येते असे खटले भरले गेले, आणि पुरावा तसे सांगत नसतानाही कंपनीने खटल्यांच्या खर्चाला कंटाळून १९८३ मध्ये ती बाजारातून काढली. पुढे काय झाले? जन्मजात व्यंगांचे प्रमाण कमी झाले नाही. उलट्यांनी बेजार होऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्या गरोदर स्त्रिया मात्र वाढल्या. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच औषध तिथे पुन्हा मान्य झाले. त्या तीस वर्षांत ज्या बायकांनी निष्कारण हाल सोसले, त्यांचा हिशेब कुठल्या खात्यावर मांडायचा? तेच औषध पुण्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, आणि कोथरूडच्या त्या घरी तिसऱ्या महिन्यात ते कुणीही न घाबरता आणले होते.

आजाराच्या पारड्यात काय आहे, हेही आकड्यांनीच सांगितले पाहिजे. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदर होताना औषधाने बऱ्या असलेल्या २०१ स्त्रियांपैकी ज्यांनी औषध सोडले त्यांच्यातल्या ६८ टक्के जणींचा आजार गरोदरपणातच उलटला. ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. या स्त्रिया मोठ्या मानसोपचार केंद्रांतल्या, जुन्या आजाराच्या होत्या, आणि पुढे सर्वसाधारण समाजातून निवडलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात एवढा फरक दिसला नाही, हे सांगायलाच हवे. म्हणूनच सौम्य, पहिल्यांदाच आलेल्या, बराच काळ शांत असलेल्या नैराश्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध हळूहळू कमी करून पाहणे योग्य ठरू शकते. ज्या स्त्रीला चार वेळा हा आजार गाठून गेला आहे तिच्या बाबतीत तो जुगार आहे. ब्रिटनमधल्या मातामृत्यूंच्या चौकशीत प्रसूतीनंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळात आत्महत्या हे मृत्यूचे आघाडीचे कारण म्हणून वारंवार पुढे आले आहे. दूर कशाला, गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की बाळंतपणानंतर २३ टक्के मातांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही त्यामागची कारणे होती. त्या मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि मानसिक वाढीतही मागे होती. बाळाच्या विकासाची काळजी करणाऱ्याने या बाळांची काळजी कधी करायची?

गोळीपेक्षा समुपदेशन बरे, असे परिसंवादात एका वक्त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना शिकवून मातांशी बोलण्याचा जो उपक्रम झाला, त्यात सहा महिन्यांनी नैराश्य उरलेल्या माता २३ टक्के होत्या; नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. हा २००८ चा निकाल वाचून मी भारावून गेले होते आणि आपल्या आशाताईंच्या हाती हे काम का देऊ नये, हा प्रश्न मला आजही पडतो. पण जिला तीन आठवडे झोप नाही, घास गिळवत नाही, आणि मी नसते तर बाळाचे बरे होईल असे विचार जिच्या मनात येतात, तिला आठवड्यातून एकदा तासभर बोलून सावरता येईल असे कोणताही जबाबदार समुपदेशक म्हणत नाही. आणि ते तासभर तरी तिला कुठे मिळते? तिला मिळते ते असे की गोळी काढून घेतली जाते आणि तिच्या जागी काहीच ठेवले जात नाही.

आपल्या परंपरेने गरोदर बाईच्या मनाची दखल फार पूर्वी घेतली होती. डोहाळे हा शब्दच मुळी तिच्यात त्या काळी दोन हृदये असतात या जुन्या कल्पनेशी जोडला जातो, आणि चरकसंहितेत गर्भ टिकवून धरणाऱ्या गोष्टींत सौमनस्याला, मनाच्या प्रसन्नतेला, अग्रस्थान दिले आहे. मला याचा अभिमान वाटतो. पण आज गर्भसंस्काराच्या वर्गांत या सौमनस्याचे जे रूप दिसते, त्यात ते तिला मिळवून देण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. ते तिने स्वतःच्या मनोबलाने आणावे अशी अपेक्षा असते. अभिमन्यूने पोटात चक्रव्यूह ऐकला ना, मग तू रडू नकोस, बाळ ऐकते आहे. जिच्या मेंदूला प्रसन्न होण्याची क्षमताच आजाराने काही काळ उरलेली नाही, तिच्यावर आता दोन अपराध बसतात: गोळी घेतली तर बाळाचा मेंदू बिघडवला, आणि न घेता रडली तर बाळावर वाईट संस्कार केले. विसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य मानसोपचारानेही असेच केले होते. मूल स्वमग्न झाले ते आई थंड, मायाहीन होती म्हणून, असे नामांकित तज्ज्ञ सांगत होते आणि हजारो माता तो कलंक घेऊन जगल्या. तेव्हा आईच्या मायेवर बोट होते, आज तिच्या गोळीच्या पाकिटावर आहे.

या भीतीतून पुण्यात एक घरगुती तोडगा निघाला आहे आणि तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो: अर्धी गोळी. त्या घरी ओट्यावरच्या मसाल्याच्या डब्यामागे सर्ट्रालीनची पट्टी होती आणि शेजारी एका छोट्या वाटीत मधोमध मोडलेले पांढरे तुकडे होते, सहा-सात. निम्मे औषध म्हणजे निम्मा धोका, असा साधा हिशेब. पण गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, यकृत काही औषधे अधिक वेगाने निकालात काढते, त्यामुळे पूर्वी पुरणारी मात्राही शेवटच्या महिन्यांत कमी पडू शकते आणि कित्येकदा ती वाढवावी लागते. अर्ध्या गोळीवर आजार उलटला तर बाळाला औषधही पोचते आणि आजारही. दोन्ही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांबाहेर गरोदर स्त्रियांची रांग लागते. वजन होते, रक्तदाब होतो, हिमोग्लोबिन होते. त्याच रांगेत आणखी दोन प्रश्न का विचारले जाऊ नयेत: गेल्या महिन्याभरात मन सारखे उदास राहिले का, आणि कशातच रस वाटेनासा झाला का? याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. उत्तर होकारार्थी आले तर पुढे पाठवायला माणूस लागतो, आणि तिथे आपण कमी आहोत; निदान १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक तिच्या कार्डावर लिहून देता येतो. ज्या स्त्रीला आधीच औषध चालू आहे तिच्याशी हे बोलणे दिवस राहण्याच्या आधी व्हायला हवे, कारण पाळी चुकल्याचे लक्षात येऊन दवाखाना गाठेपर्यंत बाळाचे हृदय घडायला सुरुवात झालेली असते आणि तेव्हा घाबरून एका दिवसात गोळी बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश आणि पाठोपाठ आजार, एवढेच हाती येते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकमेकांना एक फोन करावा, ही अपेक्षा फार मोठी आहे का? बहुतेक ठिकाणी तो निरोप रुग्णानेच इकडून तिकडे न्यायचा असतो, आणि वाटेत तो बदलतो.

त्या वाटीतले तुकडे पाहिल्यावर मी सासूबाईंजवळ बसले. त्यांनी भावंडांची तुलना लगेच ओळखली. "माझ्याही दोन बाळंतपणांत किती फरक होता," एवढेच म्हणाल्या आणि पुढे बराच वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सून आणि त्या दोघी मिळून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या, पूर्ण मात्रा पुन्हा सुरू झाली, प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि बालरोगतज्ज्ञांना औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले गेले. बाळ सदतिसाव्या आठवड्यात झाले. पहिले दोन दिवस त्याचे हात थरथरत होते आणि ते दूध नीट ओढत नव्हते. पाळीवरच्या नर्सबाईंना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे त्या दर दोन तासांनी येऊन श्वास मोजत होत्या आणि वाटी-चमच्याने दूध पाजत होत्या. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा सासूबाई बाळाची मूठ बोटात धरून बसल्या होत्या, आणि मला म्हणाल्या, "आज कमी आहे थरथर. उद्या राहणार नाही म्हणाल्यात."